निंबाचा वांटा

कांहीं झाडांना समाजांत अशी प्रतिष्ठा लाभलेली असते कीं, त्यांच्या गुणांविषयीं नुसती चौकशी करणेंहि लोकांस अंमळ अशिष्टपणाचें वाटतें. वड आणि पिंपळ देवाचे म्हणून सुटले. तुळस तर घरचीच. परंतु ज्याच्या वांट्याला देवपण फारसें आलें नाहीं, ज्याचें फळ मिरविण्यासारखें नाहीं, आणि तरीहि ज्याच्याविषयीं कोणी वांकडा शब्द काढीत नाहीं, असें झाड म्हणजे कडुनिंब. वर्षाच्या पहिल्या दिवशीं आपलें तोंड कडू करण्याचा मान त्याचा. धान्याच्या कणगींत त्याचा पाला, गोंवर-कांजिण्या आलेल्या मुलाच्या उशाशीं त्याच्या डहाळ्या, खरूज झालेल्या अंगाला त्याच्या पाण्याची आंघोळ, आणि दांत घासावयाला त्याचीच काडी. कडूपणा हा त्याचा दोष न मानतां तीच त्याच्या गुणाची साक्ष मानण्याची आपली रीत आहे. ज्याअर्थीं हें इतकें कडू, त्याअर्थीं तें रोगाला मारक असलेंच पाहिजे! या तर्कांत न्यायशास्त्र थोडें कमी पडत असलें तरी भक्ति भरपूर आहे.

ही भक्ति माजघरापुरती होती तोंपर्यंत तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत कडुनिंबानें रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत प्रवेश मिळविला आहे, आणि त्याची ही घरगुती प्रतिष्ठाहि त्याच्या मागोमाग तेथें गेली आहे. माझी भाची एम्. एस्सी.च्या अभ्यासासाठीं आमच्याकडे राहते. तिनें प्रबंधासाठीं घेतलेला विषय ऐकला तेव्हां ही गोष्ट माझ्या प्रथम ध्यानांत आली. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यानें जस्त-ऑक्साइडचे नॅनोकण बनवावयाचे आणि ते रोगजंतूंचा नाश कितपत करतात तें पाहावयाचें, असा तो विषय. मीं स्वतः तीस वर्षें माध्यमिक शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें असल्यामुळें जस्त मला परकें नाहीं, आणि अंगणांतच झाड असल्यामुळें निंबहि परका नाहीं. या दोघांची सोयरीक कशी जुळते हें पाहण्याची मला उत्सुकता वाटली. पुढें एका कारणानें ती नुसती उत्सुकता राहिली नाहीं; तें कारण ओघानें येईलच.

प्रथम या कणांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारें ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. आणि ज्या कणाचें माप १ ते १०० नॅनोमीटरांच्या आंत बसतें त्याला नॅनोकण म्हणण्याचा प्रघात आहे. गळवांत पू करणारा स्टॅफिलोकॉकस नांवाचा जो गोल जंतु आहे, त्याचा व्यास सुमारें १,००० नॅनोमीटर. तो जंतु कलिंगडाएवढा मानला तर ३० नॅनोमीटरांचा कण हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठरेल. पदार्थ बारीक केल्यानें त्याचा स्वभाव पालटत नाहीं असें आपण म्हणतों. परंतु गुळाची ढेप आणि तोच गूळ चिरलेला, यांतील कोणता दुधांत लवकर विरघळतो हें घरांतल्या बायकांस ठाऊक असतें. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे घन पाडतां आले तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे टेनिसचीं दोन मैदानें झांकून वर थोडा उरतो. वजन तेंच, द्रव्य तेंच. परंतु बाहेरच्या जगाशीं व्यवहार करणारें त्याचें अंग दहा लक्ष पटींनीं वाढलें. या सूक्ष्मतेचें महत्त्व आहे तें एवढ्यासाठीं.

असे कण करण्याच्या रीति पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील कित्येकींना तीव्र रसायनें लागतात आणि मागें विषारी सांडपाणी उरतें. १९९८ सालीं पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनीं ‘हरित रसायना’चीं बारा तत्त्वें मांडलीं, तेव्हांपासून सौम्य मार्गांकडे रसायनज्ञांचा ओढा वाढला. २००२-०३ च्या सुमारास अमेरिकेंत गार्डिया-टोरेसडे व त्यांचे सहकारी यांनीं लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे आणि चांदीचे असे कण तयार होतात हें दाखविलें. त्याच वेळीं आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी हेंच काम पानांच्या काढ्याकडून चंचुपात्रांत करवून घेत होते. २००३ मध्यें त्यांनीं जिरॅनियमच्या पानांनीं चांदीचे कण केले. २००४ मध्यें गवती चहाच्या काढ्यानें सोन्याचे त्रिकोणी कण केले, आणि त्याच वर्षीं कडुनिंबाच्या काढ्यानें सोनें, चांदी आणि आंत सोनें व वर चांदीचें कवच, असे तिन्ही प्रकार साधले. ती वाट पुढें इतकी रुळली कीं, तुळस, कोरफड, हळद, आवळा, पेरू, शेवगा यांपैकीं कोणतेंहि झाड आतां प्रयोगशाळेला अपरिचित राहिलें नाहीं. आणि सोन्या-चांदीवरून लोक लौकरच जस्त, तांबें, लोखंड यांच्या ऑक्साइडांकडे वळले. स्वस्त धातु, दारचें झाड आणि रोगजंतूंसारखा सर्वांचा वैरी. विद्यार्थ्यांना याहून सोयीचा विषय कोणता मिळणार?

एक दिवस मी मुद्दाम भाचीच्या प्रयोगशाळेंत जाऊन तो विधि पाहिला. पानें धुवून, सावलींत वाळवून, पाण्यांत उकळून केलेला पिंगट काढा तिनें गाळणकागदांतून गाळला. त्यांत जस्ताच्या नायट्रेटचे पांढरे स्फटिक विरघळविले. मंद आंचेवर ढवळतां ढवळतां तें मिश्रण आटून खळीसारखें दाट झालें. मग तें चिनी मातीच्या मुशींत घालून विजेच्या भट्टींत ४०० अंश सेंटिग्रेडवर दोन तास ठेवलें. भट्टीच्या तोंडाशीं तांबूस धूर दिसूं लागला. तापलेल्या नायट्रेटचा तो स्वभावच आहे. हरित रसायनाच्या दारांतून असा तांबडा धूर निघावा याची मला गंमत वाटली. पण धुराड्याच्या पंख्यानें तो ओढून नेला आणि मींहि तो विषय काढला नाहीं. मूस बाहेर आली तेव्हां तिच्या तळाशीं पिवळसर भुकटी होती. शेजारीं उभा असलेला एक विद्यार्थी म्हणाला, “हा निंबाचाच रंग उतरला.” भाचीनें उत्तर दिलें नाहीं, तिनें मूस निवूं दिली. पाहतां पाहतां भुकटी पांढरीशुभ्र झाली. जस्त-ऑक्साइड, मग तें कितीहि शुद्ध असो, तापलें कीं पिवळें पडतें आणि निवलें कीं पुन्हां पांढरें होतें.

त्या पांढऱ्या भुकटीकडे पाहून मीं तिला विचारलें, “यांत आतां निंब कोठें आहे ग?”

“मामा,” ती म्हणाली, “तोच प्रश्न मला प्रबंधांत सोडवायचा आहे. तुम्ही तो मोठ्यानें विचारलात एवढेंच.”

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ४०० अंशांवर झाडाचें काय उरतें? पानांतील बहुतेक सेंद्रिय द्रव्यें जळून जातात. राहिला तर थोडा कोळसा आणि पानांतल्या क्षारांचा लवलेश. ज्या कडूपणासाठीं आपण निंबाला मान देतों, तो कडूपणा भट्टीच्या धुराड्यांतून केव्हांच निघून गेलेला असतो. तरीहि अशा भुकटीवर लिहिलेल्या लेखाचा आरंभ पुष्कळदां निंबाच्या औषधी गुणांच्या स्तोत्रानें होतो. नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें नांव निंबाचें आणि हातीं वाळा जस्ताचा!

याहूनहि सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. चांदीच्या क्षारांत चांदीच्या प्रत्येक अणूनें आपला एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. पानांतील पॉलिफिनॉलसारखीं द्रव्यें तो त्याला परत देतात आणि क्षाराची धातु होते. या क्रियेला क्षपण म्हणतात; तेथें पानाचें काम खरें आणि प्रत्यक्ष आहे. परंतु जस्ताची गोष्ट निराळी. नायट्रेटमध्यें जस्ताच्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतात, आणि ऑक्साइडमध्येंहि दोनच गेलेले असतात. मग पानानें जस्ताला दिलें काय? देण्याघेण्याचा हा व्यवहार मुळीं झालाच नाहीं. जस्ताचें नायट्रेट नुसतें भट्टींत तापविलें तरी त्याचें ऑक्साइड होतें. असें असतां, ‘पानांतील द्रव्यांनीं जस्ताचें क्षपण केलें’ हें वाक्य चांदीच्या लेखांतून उचललें जाऊन जस्ताच्या लेखांत जागोजाग आढळतें. लग्नपत्रिकेचा जुना नमुना पुढें ठेवून नवी छापावी आणि वधूवरांचीं नांवें तेवढीं बदलावीं, त्यांतलाच हा प्रकार.

वनस्पतीनें जस्ताचें खरोखरीचें क्षपण केलेलें पाहावयाचें असेल तर त्यासाठीं राजस्थानांत उदेपूरजवळ जावर येथें गेलें पाहिजे. तेथें मध्ययुगांत मोठ्या प्रमाणावर जस्त काढीत असत, आणि त्या भट्ट्यांचे अवशेष १९८० नंतरच्या उत्खननांत उजेडांत आले. एकेका भट्टींत वांग्याच्या आकाराच्या छत्तीस मुशी उपड्या बसविलेल्या असत. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथांत याच आकाराच्या मुशीला वृंताकमूषा असें नांव आहे, आणि तींत रसक म्हणजे जस्ताचें खनिज घालतांना हळद, त्रिफळा, राळ अशीं वनस्पतिद्रव्यें मिसळावीं असें सांगितलें आहे. तीव्र उष्णतेंत या द्रव्यांचा कोळसा होई, तो खनिजांतला प्राणवायु ओढून घेई, आणि जस्त ९०७ अंशांवरच उकळत असल्यामुळें त्याची वाफ होऊन ती खालच्या थंड भांड्यांत गोठे. इंग्लंडांत विल्यम चँपियननें जस्त गाळण्याचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं. जावरच्या भट्ट्या त्याच्या कित्येक शतकें आधींच्या. तेथें ऑक्साइडचें जस्त होत असे. भाचीच्या मुशींत जस्ताच्या क्षाराचें ऑक्साइड होतें. दोन्हीकडे वनस्पति आहे. पण दोन्हींत मीठ असतें एवढ्यावरून आमटी आणि लोणचें एक होत नाहीं.

मग निंबाचा वांटा शून्य कीं काय? तसेंहि नाहीं. पानांतलीं द्रव्यें जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात आणि त्यांना एकमेकांपासून अलग पसरवितात. भट्टींत तीं जळूं लागलीं कीं निघणाऱ्या वायूंमुळें भुकटी सच्छिद्र व हलकी होते, आणि नवे कण एकमेकांत मिसळून मोठे होण्यास अडथळा येतो. भात मोकळा व्हावा म्हणून आधणांत तुपाचा थेंब सोडतात. तूप भात शिजवीत नाहीं, पण शितें निराळीं ठेवतें. निंबाचें काम या तुपाचें आहे. तें झालें कीं नाहीं हें तपासतांहि येतें. भुकटीवर क्ष-किरण सोडले असतां मिळणाऱ्या रेषा जितक्या रुंद, तितके तिच्यांतले स्फटिक लहान. त्याचें सूत्र पॉल शेरर यांनीं १९१८ सालींच देऊन ठेवलें आहे. मात्र या तुपाची प्रत रोज सारखी नसते. चैत्रांतली तांबूस पालवी आणि आश्विनांतलें निबर पान, माळावरचें झाड आणि विहिरीकांठचें झाड, यांच्या काढ्यांत द्रव्यांचें प्रमाण एक नसतें. म्हणून एकाचा प्रयोग दुसऱ्याच्या हातून तंतोतंत उतरत नाहीं. कुपींतल्या रसायनाला ऋतु नसतात, झाडाला असतात.

या विषयाची चर्चा निघाली कीं आमच्या स्नेह्यांपैकीं कोणीतरी हटकून म्हणतो, “अहो, यांत नवें तें काय? आपलें यशदभस्म म्हणजे दुसरें काय होतें?” हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. यशदभस्म हें मुख्यतः जस्त-ऑक्साइडच असतें. आणि तें करतांना आघाड्याची पूड आणि कोरफडीचा रस यांचा उपयोग करण्याची परंपरा आहे. भस्म चांगलें उतरलें कीं नाहीं याच्या जुन्या कसोट्याहि मोठ्या मार्मिक आहेत. तें पाण्यावर तरंगलें पाहिजे; आणि बोटांच्या चिमटींत घेतलें असतां बोटांवरच्या रेषांत शिरून बसलें पाहिजे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसतां केवळ बोटाच्या स्पर्शानें बारीकपणा ओळखणाऱ्या त्या वैद्यांविषयीं मला आदर वाटतो. परंतु बोटावरची रेष एका नॅनोकणाच्या हजारों पट रुंद असते. तिला गव्हाचें पीठ आणि नॅनोकण यांतला भेद कळेल, पण नॅनोकण आणि त्याच्या दसपट मोठा कण यांतला कळणार नाहीं. पूर्वजांनीं जें केलें तें त्यांच्या साधनांनीं केलें, यांतच त्यांचा मोठेपणा आहे. आपल्या साधनांनीं मिळालेली कीर्ति त्यांच्या खात्यावर जमा केल्यानें तो वाढत नाहीं, आणि आपलें तपासण्याचें कामहि टळत नाहीं.

आतां जंतूंकडे वळूं. कांचेच्या उथळ बशींत आगराची खीर गोठवून तिच्यावर जंतूंचें पातळ पीक पसरतात. तींत लहान लहान खळगे पाडून त्यांत परीक्षेचें द्रव्य घालतात आणि बशी रात्रभर ३७ अंशांच्या उबेंत ठेवतात. सकाळीं सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. मात्र ज्या खळग्यांतलें द्रव्य मारक असेल त्याच्याभोंवतीं स्वच्छ कडें दिसतें. हें कडें मोठें मोहक असतें. जस्त-ऑक्साइडभोंवतीं तें पडतें याविषयीं वाद नाहीं. कणांतून थोडें जस्त पाण्यांत उतरतें, कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखीं दाहक द्रव्यें निपजतात, आणि कण जंतूच्या आवरणाला भिडून तें दुखावतात. या तीन कारणांपैकीं कोणाचा वांटा किती, यावर तज्ज्ञांची अजून चर्चा चालू आहे. परंतु कडें मोजतांना एक गोष्ट विसरून चालत नाहीं. जें द्रव्य आगरांतून सहज पसरतें त्याचें कडें मोठें पडतें आणि जें पाण्यांत जेमतेम विरघळतें त्याचें लहान. म्हणून दोन निराळ्या द्रव्यांचीं कडीं शेजारीं शेजारीं ठेवून अमुक औषध तमुकाहून बलवान्, असें म्हणतां येत नाहीं. त्यापेक्षां द्रव्य उत्तरोत्तर पातळ करीत जाऊन कोणत्या प्रमाणापर्यंत जंतूंची वाढ थांबते तें पाहणें अधिक भरंवशाचें. पण त्या परीक्षेचें छायाचित्र कड्याइतकें देखणें येत नाहीं.

एवढें सारें मी एखाद्या शाळामास्तराच्या चिकित्सेनें पाहत होतों. पण या पावसाळ्यांत माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, पायाला जखम झाली. अक्का सत्तरी उलटलेली आणि मधुमेहाची जुनी दुखणाईत. पायाला संवेदना कमी असल्यामुळें जखम झाली केव्हां हेंहि तिला कळलें नाहीं. पंधरा दिवसांत अंगठ्याशेजारचीं दोन बोटें काळवंडलीं. पुवाची तपासणी झाली आणि तिचा कागद घरीं आला. एका बाजूला औषधांचीं नांवें आणि समोर एकेक अक्षर; औषध लागू पडत असलें तर एस् आणि पडत नसलें तर आर्. अक्कानें चष्मा लावून आर् मोजले. ते नऊ भरले. जंतु स्टॅफिलोकॉकसच होता, भाचीच्या बशींतल्याच जातीचा.

त्या रात्रीं अक्का भाचीला म्हणाली, “पोरी, तुझ्या बशींत हाच जंतु मरतो म्हणालीस ना? मग चिमूटभर भुकटी आण. निंबाचीच तर आहे. निंबानें कधीं कोणाचें वाईट झालंय?”

घरांतलीं सारीं माणसें गप्प झालीं. खरें सांगावयाचें तर आमच्यांतल्या एकदोघांच्या मनांतहि तेंच होतें. नऊ आर् वाचल्यावर माणसाचें मन फार काटेकोर राहत नाहीं. भाची बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “मावशी, बशींत जंतु मरतो हें खरं. पण बशीला रक्त नसतं, मांस नसतं. जें जस्त जंतूला मारतं तें जास्त झालं तर तुझ्या पायांतल्या चांगल्या मांसालाहि मारील. किती म्हणजे जास्त, तें मला ठाऊक नाहीं. माझी भुकटी औषधाच्या कारखान्यांत झालेली नाहीं. तींत नायट्रेट उरलं असेल, आणखीहि कांहीं असेल. आणि मावशी, ती निंबाची नाहीं. निंब जळून गेला.”

अक्का दोन दिवस तिच्याशीं धड बोलली नाहीं. “परक्यांसाठीं औषध करतेस आणि घरच्यांना नाहीं म्हणतेस,” एवढें एक वाक्य मात्र बोलून गेली, आणि तें त्या मुलीच्या मनाला किती लागलें हें मीं पाहिलें. वास्तविक जस्त-ऑक्साइड आपल्या कातडीला नवखें नाहीं. अंगाला लावण्याच्या गुलाबी कॅलामाइनमध्यें तेंच असतें, जखमेवरच्या चिकटपट्टींतहि असतें. परंतु तें औषधाच्या दर्जाचें, ठराविक शुद्धतेचें आणि ठराविक कामापुरतें. रक्तपुरवठा मंदावलेल्या, पू झालेल्या खोल जखमेंत अनोळखी भुकटी घालणें ही गोष्ट अगदींच निराळी. रुग्णालयांत अक्काचीं दोन बोटें काढावीं लागलीं. ज्या मोजक्या औषधांसमोर एस् होतें त्यांतलें एक शिरेंतून देत राहिले, साखर आटोक्यांत आणली, रोज जखम धुतली, पाऊल वांचलें.

अक्काच्या कागदावरचे ते नऊ आर् तिच्या एकटीचे नाहींत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें प्रत्यक्ष दगावलीं असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांतच सांगून ठेवलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेंत औषध देत गेल्यास जंतु त्याला सरावतील. म्हणून नव्या उपायांचा शोध झालाच पाहिजे आणि त्यांत जस्ताचे कणहि असले पाहिजेत, याविषयीं माझ्या मनांत संशय नाहीं. पण ‘धातूला जंतु सरावत नाहींत’ असें जें कित्येकदां छातीठोकपणें सांगण्यांत येतें, तें मात्र खरें नाहीं. युरोपांत डुकरांच्या पिलांना हगवण लागूं नये म्हणून खाद्यांतून जस्त-ऑक्साइडची मोठी मात्रा देण्याची वहिवाट होती. तें जस्त शेणखतांतून जमिनींत उतरूं लागलें. शिवाय जस्ताला दाद न देणारे जंतु वाढीला लागून त्यांच्याबरोबर प्रतिजैविकांना दाद न देणारेहि पोसले जातात अशी धास्ती होती. २०१७ सालीं युरोपीय संघानें ती वहिवाट बंद करण्याचें ठरविलें आणि जून २०२२ पासून ती बंद झाली. जनावरांत आढळणाऱ्या कांहीं हट्टी स्टॅफिलोकॉकसांमध्यें जस्त सोसण्याचा गुण आणि मेथिसिलिन सोसण्याचा गुण एकाच जनुकखंडावर शेजारीं शेजारीं बसलेले सांपडले आहेत. एकाला खाऊं घालावें तर दुसऱ्याचेंहि पोट भरतें! पाल्याच्या नांवानें केलेल्या कणाला ही अडचण चुकत नाहीं. कारण जंतूला नांव वाचतां येत नाहीं.

अक्का घरीं आल्यावर भाचीनें आपला प्रयोग पुन्हां मांडला. आतां बशींत पांच खळगे होते. एकांत नुसता निंबाचा काढा, दुसऱ्यांत नुसतें जस्ताचें नायट्रेट, तिसऱ्यांत पाल्यावांचून भाजलेलें ऑक्साइड, चौथ्यांत पाल्यासह भाजलेलें, आणि पांचव्यांत बाजारांत मिळणारें साधें ऑक्साइड. यांतला प्रत्येक खळगा निंबाच्या कीर्तीला एकेक प्रश्न विचारीत होता. काढ्याभोंवतीं कडें असें म्हणण्याजोगें कांहीं पडलें नाहीं. सर्वांत मोठें कडें पडलें तें नुसत्या नायट्रेटभोंवतीं. ज्याला नॅनोकण हें नांवहि नाहीं त्याच्याभोंवतीं. तिन्ही भुकट्यांचीं कडीं जवळजवळ सारखीं होतीं. पातळ करीत जाण्याच्या परीक्षेंत पाल्यासह केलेली भुकटी इतर दोघींपेक्षां एक पायरी पुढें राहिली, कारण तिचे कण खरोखरच अधिक लहान होते. एका हितचिंतकानें तिला सुचविलें कीं, चौथा खळगा तेवढा ठेवून बाकीचे गाळले तर चित्र अधिक उठून दिसेल. तिनें पांचहि खळगे ठेवले, आणि शेवटच्या प्रकरणांत लिहिलें कीं, या प्रयोगांत निंबाच्या काढ्यानें कण लहान ठेवण्यास मदत केली. जंतुनाशाचें श्रेय जस्ताकडे जातें.

प्रबंध बांधून घरीं आला तेव्हां अक्कानें तो मांडीवर घेऊन तें शेवटचें प्रकरण मराठींत समजावून सांगण्यास लावलें. सारें ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “म्हणजे निंबानं मारलं कांहीं नाहीं.”

“नाहीं, मावशी. त्यानं कण बारीक ठेवले.”

अक्कानें पट्टी बांधलेला पाय हळूच उशीवर सरळ केला. “मग तेवढंच लिहिलंस तें बरं केलंस,” ती म्हणाली. “तें काम कांहीं हलकं नाहीं.”